वैद्यकीय मायक्रोबबल: बनवणं, साठवणं, वापरणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लिपिडचे मायक्रोबबल बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. नव्याने येणारे विद्यार्थी, सोनोग्राफी विभागातले तंत्रज्ञ आणि तपासणीआधी धास्तावलेले पेशंट फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. साठवण आणि सिरिंजबद्दलची उत्तरं लांबली आहेत. माझ्या पाहण्यात जास्तीत जास्त बुडबुडे तिथेच वाया जातात.

मायक्रोबबल म्हणजे नेमकं काय?

वायूचा अतिशय बारीक बुडबुडा आणि त्याभोवती काही नॅनोमीटर जाडीचं कवच. सोनोग्राफीत रक्त ठळक दिसावं म्हणून असे बुडबुडे शिरेतून देतात. व्यास साधारण १ ते १० मायक्रॉन, बहुतेकांचा २-३ च्या आसपास. तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची असते. ती जिथून जाते तिथून हाही जातो, अगदी फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतूनसुद्धा. मात्र तो रक्तवाहिनीची भिंत ओलांडून बाहेर पडत नाही, म्हणून जिथे बुडबुडा दिसला तिथे रक्त आहे असं खुशाल समजावं.

अल्ट्रासाउंडची लाट आली की रक्त जवळजवळ दबतच नाही, वायू मात्र दबतो आणि फुगतो, सेकंदाला लाखो वेळा. त्यातही गंमत अशी की तो जितका फुगतो तितका दबत नाही. या असमान थरथरीमुळे त्याच्याकडून येणाऱ्या आवाजात मूळ लाटेच्या दुप्पट वारंवारतेचे सूर मिसळतात. मशीन ते वेगळे ओळखतं आणि आजूबाजूच्या मांसाचा आवाज बाजूला काढून फक्त बुडबुडे दाखवतं.

शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो म्हणतात. मग हे बुडबुडे मुद्दाम सोडायचे?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर प्रमाणात आहे. सोनोव्ह्यू हे औषध घ्या. तयार द्रवाच्या १ मिलिलिटरमध्ये बुडबुड्यांतला वायू असतो सुमारे ८ मायक्रोलिटर. २ मिलिलिटर दिलं तर १६ मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तोही कोट्यवधी कणांत वाटलेला, आणि बहुतेक कण रक्तपेशीहून लहान. जीव घेणारी हवा मिलिलिटरमध्ये मोजली जाते आणि ती एका मोठ्या गोळ्याच्या रूपात जाऊन वाट अडवते.

साधी हवा का नाही भरत?

भरून पाहिली आहे, टिकत नाही. पाण्याचा पृष्ठताण बुडबुड्याला सतत आत दाबत असतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका हा दाब जास्त. २ मायक्रॉन व्यासाच्या उघड्या बुडबुड्यावर हा जादा दाब जवळपास १.४ वातावरणाइतका होतो. मग आतला वायू पाण्यात विरघळायला लागतो, बुडबुडा लहान होतो, दाब आणखी वाढतो, तो आणखी भरभर विरघळतो. एपस्टाईन आणि प्लेसेट यांनी १९५० मध्ये हे गणित मांडलं. त्यानुसार एवढा हवेचा बुडबुडा सेकंदभरही जगत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदमच करावे लागतात. पहिला, कवच घालून पृष्ठताण कमी करायचा. दुसरा, पाण्यात सहजी न विरघळणारा जड वायू भरायचा: सल्फर हेक्साफ्लोराइड, ऑक्टाफ्लोरोप्रोपेन किंवा डेकाफ्लोरोब्युटेन. हवेचा सरासरी रेणुभार २९, तर या तिघांचे अनुक्रमे १४६, १८८ आणि २३८. हे वायू शरीरात कशाशीच प्रक्रिया करत नाहीत. सल्फर हेक्साफ्लोराइड हुंगल्यावर आवाज घोगरा होतो हे अनेकांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं, त्यामुळे पेशंट हटकून तेच विचारतात. १६ मायक्रोलिटरने आवाजाला काहीही होत नाही.

ही कल्पना सुचली कोणाला?

सुचली नाही, दिसली. १९६८ मध्ये ग्रॅमिआक आणि शाह यांनी महाधमनीच्या मुळाशी इंजेक्शन देताना इको मशीनवर ढग उमटताना पाहिला. तो ढग द्रवासोबत गेलेल्या बारीक बुडबुड्यांचा होता. पण ते बुडबुडे फुप्फुसापलीकडे पोचत नसत. १९८४ च्या सुमारास फाइनस्टाइन यांनी मानवी अल्ब्युमिनला, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाला, ध्वनिलहरींनी घुसळून कवच असलेले टिकाऊ बुडबुडे केले. त्यातून आलेल्या अल्ब्युनेक्सला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली, मात्र त्यात हवाच होती. जड वायूचं ऑप्टिसॉन १९९७ च्या अखेरीस आलं, डेफिनिटी आणि युरोपात सोनोव्ह्यू २००१ मध्ये. यकृतासाठी उपयोगी पडणारं सोनाझॉइड जपानमध्ये २००७ मध्ये सुरू झालं. त्याचे बुडबुडे यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात, त्यामुळे बऱ्याच वेळाने पाहिलं तरी निरोगी यकृत उजळ दिसतं आणि कुप्फर पेशी नसलेली गाठ काळी उठून दिसते.

कवच कशाचं असतं?

आता बहुतेक ठिकाणी फॉस्फोलिपिडचं, म्हणजे पेशींच्या पटलात असतं त्याच जातीच्या रेणूंचं. रेणूचं पाण्याला भिणारं शेपूट वायूकडे आणि पाणी आवडणारं डोकं बाहेर, असा एकपदरी थर. त्यात काही लिपिडांना पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) लांब साखळी जोडलेली असते. ही साखळी झुपक्यासारखी बाहेर उभी राहते आणि दोन बुडबुड्यांना एकमेकांना चिकटून एक होऊ देत नाही. ऑप्टिसॉनचं कवच अल्ब्युमिनचं आहे. पॉलिमरचं कवच जाड आणि टणक होतं, पण ते लाटेबरोबर मनमोकळं थरथरत नाही. निदानासाठी मी लिपिडच पसंत करतो.

प्रत्यक्षात बनवतात कसे?

लिपिडच्या बाबतीत आमची पद्धत थोडक्यात अशी. मुख्य लिपिड डीएसपीसी आणि पीईजी लावलेलं लिपिड मोजून घ्यायचं, गरम प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवायचं, मग बफर आणि ग्लिसरॉल. इथे तापमानाकडे दुर्लक्ष केलं की पुढचं सगळं मुसळ केरात. डीएसपीसी सुमारे ५५ अंशांना मऊ पडतं, म्हणून आम्ही ६० च्या वरच राहतो. एका विद्यार्थ्याने ५० वर ‘चालेल’ म्हणून पुढे रेटलं होतं. द्रव धूसर राहिला, तळाला कण दिसत होते, आणि बुडबुड्यांची संख्या नेहमीच्या दहाव्या हिश्श्यावर आली.

मग द्रव लहान कुपीत भरायचा, पण काठोकाठ नाही, वर वायूला जागा ठेवून. रबरी बूच आणि वर ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवायची. सुईने आतली हवा ओढून घ्यायची, जड वायू सोडायचा, पुन्हा ओढायचं, पुन्हा सोडायचं. एकदा करून भागत नाही, हवा उरतेच.

शेवटी कुपी हलवणीच्या यंत्रात लावायची. ४५ सेकंद कर्कश घरघर होते आणि कुपी नुसती पुसट रेघ दिसते. यंत्र थांबल्यावर पाण्यासारखा पारदर्शक द्रव पांढराशुभ्र झालेला असतो आणि हाताला कोमट लागतो. मी तिला लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवतो, म्हणजे कवच आवळून बसतं.

हे यंत्र दातांच्या दवाखान्यात पाहिल्यासारखं वाटतं.

बरोबर ओळखलंत. दातात भरायचं चांदी-पाऱ्याचं मिश्रण याच जातीच्या यंत्रात हलवत.

दुसऱ्या पद्धती कोणत्या?

सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रव घुसळणारं यंत्र, जुना आणि दणकट. त्याच्या दांड्याचं टोक द्रव आणि वायू जिथे भेटतात त्या रेषेवर नेमकं टेकवायचं. अर्धा सेंटीमीटर खोल गेलं तर आवाज होतो, द्रव तापतो, बुडबुडे मात्र होत नाहीत. नव्या माणसाला ही जागा सापडायला आठवडा लागतो.

मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये, म्हणजे अतिबारीक वाहिन्या कोरलेल्या पट्टीत, वायूची बारीक धार दोन्ही बाजूंनी येणाऱ्या द्रवात चिमटली जाते आणि एकामागे एक सारखेच बुडबुडे सुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यांच्या माळेसारखे सरकताना पाहणं हे या कामातलं मोठं सुख. पण हलवणीच्या यंत्रात पाऊण मिनिटात एका मिलिलिटरमागे अब्जावर बुडबुडे होतात. चिपला तेवढ्यासाठी खूपच जास्त वेळ लागतो, आणि वाहिनी तुंबली की सगळं पहिल्यापासून.

सगळे बुडबुडे एकाच मापाचे असण्याने काय फरक पडतो?

प्रत्येक बुडबुड्याचा आपला एक सूर असतो. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये वाहत्या पाण्याचा खळखळाट असा का होतो हे तपासताना त्याचं सूत्र काढलं: बुडबुडा लहान, सूर वरचा. केशवाहिनीतून जाऊ शकेल एवढ्या, म्हणजे २-३ मायक्रॉनच्या, बुडबुड्याचा सूर काही मेगाहर्ट्झ भरतो आणि सोनोग्राफीचे प्रोब नेमके त्याच पट्ट्यात चालतात. हा निव्वळ योगायोग आहे. तो नसता तर हे क्षेत्रच उभं राहिलं नसतं.

वेगवेगळ्या मापांच्या गर्दीत थोडेच बुडबुडे प्रोबशी सूर जुळवतात. निदानाला तेवढे पुरतात. औषध पोचवायचं असेल किंवा बुडबुड्यावरून रक्तदाब ओळखायचा असेल, तर एकसारखं माप हवंच.

सेंट्रिफ्यूज वापरूनही मापं वेगळी करता येतात. इथे सगळं उलटं असतं: जड पदार्थ तळाला बसतात, आमचा माल वर चढतो. कमी वेगात मोठे बुडबुडे वर येतात, ते काढून टाकायचे. खालचा द्रव जास्त वेगात फिरवून हवं ते माप गोळा करायचं.

निर्जंतुक कसे करता?

बुडबुडे होण्याआधी. तयार बुडबुडे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, टिकणार नाहीत आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जाणार नाहीत. म्हणून द्रावण, कुपी, बूच, वायू यातलं सगळं काही आधीच निर्जंतुक करून बंद करायचं.

मोजणी कशी होते?

कूल्टर काउंटर किंवा प्रकाश अडवून मोजणाऱ्या उपकरणाने, आणि पडताळणीला सूक्ष्मदर्शक. नॅनोकणांसाठीचं प्रकाश विखुरण्यावर चालणारं उपकरण इथे फसवतं, कारण मोजणी चालू असतानाच बुडबुडे तरंगून वर निघून जातात. आकडा वाचतानाही सावध राहा. १० मायक्रॉनच्या एका बुडबुड्यात १ मायक्रॉनच्या हजार बुडबुड्यांइतका वायू असतो. अहवालात ‘९८ टक्के लहान’ लिहिलेलं असलं तरी निम्मा वायू उरलेल्या दोन टक्क्यांत असू शकतो.

तयार औषध किती दिवस टिकतं?

यातली खुबी लोकांच्या लक्षात येत नाही. कित्येक कुप्यांमध्ये साठवलेले बुडबुडे नसतातच! डेफिनिटीच्या कुपीत असतो लिपिडचा स्वच्छ द्रव आणि वर वायू. बुडबुडे होतात ते वापरायच्या वेळी, त्या ४५ सेकंदांत. सोनोव्ह्यूच्या कुपीत कोरडी पांढरी पूड आणि वायू. ५ मिलिलिटर सलाईन घालून २० सेकंद जोरात हलवलं की बुडबुडे तयार. जे नाशवंत आहे ते साठवायचंच नाही, हा या धंद्यातला सगळ्यात शहाणा निर्णय. डेफिनिटीचं मूळ रूप २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, नंतर खोलीच्या तापमानाला चालणारं रूपही आलं. सोनोव्ह्यूची पूड खोलीतच राहते.

ऑप्टिसॉन अपवाद. त्यात बुडबुडे आधीच तयार असतात, म्हणून ते फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, आणि गोठवायचं नाही.

एकदा बुडबुडे झाले की मात्र घड्याळ चालू होतं. सोनोव्ह्यू तयार केल्यावर काही तासांत वापरायचं, डेफिनिटी १२ तासांत. नेमका आकडा त्या-त्या कुपीसोबतच्या पत्रकात बघावा, ऐकीव आकड्यावर जाऊ नये.

प्रयोगशाळेत बनवलेले बुडबुडे साठवायचे असतील तर?

बंद कुपीत, वर तोच जड वायू, ४ अंशांत. वरचा वायू फार महत्त्वाचा. त्या जागी हवा असेल तर आतला वायू हळूहळू पाण्यात आणि तिथून हवेत निसटतो, आणि उलट दिशेने हवा बुडबुड्यात शिरते. त्यामुळे बुडबुडा आधी थोडा फुगतो आणि मग आटत जातो. कुपीचं बूच एकदा जरी उघडलं, तरी त्या क्षणापासून हे चालू.

दुसरा शत्रू म्हणजे लहानांचा वायू मोठ्यांकडे जाणं. लहान बुडबुड्यात दाब जास्त, म्हणून वायू तिथून विरघळून मोठ्यात शिरतो. दोन आठवड्यांनी मोजलं तर संख्या घटलेली आणि सरासरी माप वाढलेलं दिसतं. मापं सुरुवातीलाच सारखी असतील तर हा प्रकार फारच मंदावतो.

डेकाफ्लोरोब्युटेन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तो उणे २ अंशांच्या आसपासच द्रवरूप होतो. अतिथंड फ्रीजमध्ये, त्यात थोडा दाब वाढला, तर बुडबुड्यांचे चक्क थेंब होतात. काही संशोधक हेच मुद्दाम करून नॅनोथेंब बनवतात. नकळत झालं तर तो अपघात.

चुकून गोठलं तर?

फेकून द्या. बर्फाचे स्फटिक कवच फाडतात. आमची एक संपूर्ण बॅच फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून राहिली आणि रात्रीत गोठली. वितळल्यावर दिसायला ठीकठाक होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली लिपिडचे तुकडे आणि चार-दोन फुगलेले बुडबुडे, बस. तेव्हापासून मागच्या भिंतीपाशी आम्ही थर्माकोलचा तुकडा लावलाय. साखरेसारखा रक्षक घालून नीट फ्रीज-ड्राय करणं ही वेगळी गोष्ट, ती फ्रीजच्या भिंतीकडून होत नाही.

कुपीत वर पांढरा थर आणि खाली स्वच्छ पाणी दिसतंय. खराब झालं का?

नाही, उलट तो थर असणं हे चांगलं लक्षण. बुडबुडे हलके, ते वर चढणारच. ३ मायक्रॉनचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ५ मायक्रॉन चढतो, म्हणजे एक सेंटीमीटरला अर्ध्या तासाहून थोडं जास्त. १० मायक्रॉनचा तेवढंच अंतर तीन मिनिटांत कापतो. वापरण्यापूर्वी कुपी उलटी-सुलटी करून हळुवार मिसळा, सगळं एकसारखं पांढरं दिसेपर्यंत. ऑप्टिसॉनच्या कुपीत तो थर दिसतच नसेल किंवा मिसळल्यावरही द्रव पारदर्शक राहत असेल, तर ती कुपी वापरायची नाही.

चित्र फिकं आलं. औषध खराब होतं का?

शक्य आहे, पण मी आधी सिरिंज भरणाऱ्याकडे बघतो. कुपी बंद आहे आणि तुम्ही दट्ट्या झटक्यात ओढला, की आत दाब घटतो, बुडबुडे फुगतात आणि फुटतात. म्हणून बुचाला दुसरी सुई टोचून वाट मोकळी ठेवतात आणि द्रव सावकाश ओढतात. अल्ब्युमिनच्या कुपीत सिरिंजने हवा दाबून भरणं हा तर गुन्हाच. पुढे, बारीक सुईतून जोरात ढकललं तरी तेच: साधारण २० गेजपेक्षा बारीक सुई टाळतात.

मग सिरिंज भरून ट्रेमध्ये आडवी ठेवली जाते आणि डॉक्टर फोनवर जातात. दहा मिनिटांत बुडबुडे वरच्या बाजूला जमतात. पहिला डोस पाणचट जातो, शेवटचा घट्ट. देण्याच्या अगदी आधी सिरिंज हातात फिरवून घ्या. सतत द्यायचं असेल तर सिरिंज हळूहळू डोलवत ठेवणारे पंप मिळतात.

एवढं सगळं ठीक असेल तर मशीनची ताकद तपासा. मेकॅनिकल इंडेक्स (लाटेचा जोर सांगणारा मशीनवरचा आकडा) ०.२ च्या खाली ठेवला तर बुडबुडे जगतात. नेहमीच्या सोनोग्राफीच्या सेटिंगवर ते प्रोबच्या पहिल्या काही फटक्यांतच मरतात. कधी-कधी मुद्दाम एक जोरदार फटका देऊन सगळे फोडतात आणि त्या भागात नवे किती वेगाने भरतात ते पाहतात. त्यावरून हृदयाच्या स्नायूला रक्त कसं पोचतंय ते कळतं.

विमानाने पाठवता येतात का?

पूड किंवा न हलवलेल्या कुप्या खुशाल. तयार बुडबुडे पाठवायचे असतील तर विमानातल्या कमी दाबाने ते फुगतात, हादऱ्यांनी एकमेकांवर आपटतात. एकदा मिळालेल्या पार्सलमध्ये निम्मे शिल्लक होते. आता आम्ही सामग्री पाठवतो आणि हलवायला पलीकडच्यांना सांगतो.

शरीरात गेल्यावर त्यांचं काय होतं?

वायू रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासावाटे बाहेर. सोनोव्ह्यूचा ८० टक्क्यांहून जास्त वायू दोन मिनिटांत, आणि पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा निघून जातो. कवचाचं लिपिड शरीर नेहमीच्या चरबीसारखं पचवतं. आयोडीन नाही, मूत्रपिंडावर भार नाही, किरणं नाहीत. म्हणूनच सीटीचं कॉन्ट्रास्ट ज्यांना चालत नाही अशांसाठी याचा विचार होतो.

धोका अजिबात नाही?

असं कोणीही म्हणू नये. तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया क्वचित येते, आणि आली तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, पुढच्या वर्षी काही बंधनं सैल केली. पीईजीची ॲलर्जी असेल तर पीईजी असलेली उत्पादनं टाळायची. तेव्हा आधीची कुठलीही ॲलर्जी डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

सलाईन हलवून ‘बबल टेस्ट’ करतात, ते हेच का?

भावकीतलं, पण वेगळं. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची तोटी, ९ मिलिलिटर सलाईन, १ मिलिलिटर हवा, आणि इकडून तिकडे भरभर ढकलायचं. या बुडबुड्यांना कवच नसतं आणि ते फुप्फुसात अडकून विरतात. तीच त्यांची उपयुक्तता: ते हृदयाच्या डाव्या बाजूला तीनेक ठोक्यांत दिसले, तर मधल्या पडद्याला भोक असल्याची शंका येते. हे पलंगाशेजारी करून लगेच द्यायचं, साठवायचा प्रश्नच नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवून पाहता येतील का?

येतील, जरूर करा. अल्ब्युमिन किंवा लिपिड, सोनिकेटर आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यात सुरुवात होते. फक्त ते काचपट्टीवर, पाण्याच्या टाकीत, जेलच्या नमुन्यात वापरायचे. माणसाला किंवा प्राण्याला टोचण्यासाठी निर्जंतुकीकरण, मोजणी, परवानगी हे सगळं लागतं, त्यात पळवाट नाही. सल्फर हेक्साफ्लोराइड वापरलात तर तो खोलीत मोकळा सोडू नका. वजनाला वजन धरलं, तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.

औषध नेण्यासाठी वापरतात असं वाचलं. कुठवर आलंय?

मेंदूच्या बाबतीत बरंच पुढे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर बहुतेक औषधं अडवतो. बुडबुडे शिरेतून देऊन कवटीबाहेरून ठरावीक जागी अल्ट्रासाउंड मारलं, की तिथले बुडबुडे वाहिनीच्या भिंतीला आतून रेटे देतात आणि अडसर काही तासांपुरता सैल होतो. हायनिनेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सशांवर हे दाखवलं, आणि २०१८ पर्यंत अल्झायमरच्या पेशंटांवर सुरुवातीच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या होत्या.

मला स्वतःला जास्त भुरळ पडते ती ऑक्सिजनच्या बुडबुड्यांची. २०१२ मध्ये जॉन खेअर आणि सहकाऱ्यांनी लिपिडच्या कवचात ऑक्सिजन भरून तो सशांच्या शिरेत दिला. श्वासनलिका पूर्ण बंद असतानाही ते पंधरा मिनिटांपर्यंत जगले. तिथे आमचं सगळं गणित उलटतं: वायू पाण्यात पटकन विरघळावा हीच इच्छा, पण कुपीतून शिरेत पोचेपर्यंत मात्र मुळीच नाही. त्या कुप्या महिनाभर टिकवायच्या कशा, यावर आमच्याकडे दर सोमवारी वाद होतो.